सटर्स फोर्ट, सॅक्रामेंटो: जाण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सॅक्रामेंटो, फॉल्सम आणि बे एरियातल्या मराठी घरांत या किल्ल्याचं नाव निघतं ते दोन वेळा: मूल चौथीत गेलं की, आणि उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा आले की. दोन्ही वेळी प्रश्न साधारण तेच येतात. ते इथे एकत्र केले आहेत. आधी जाण्या-येण्याचं, मग इतिहासाचं, आणि शेवटी अपवाद आणि अडचणी. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. हा किल्ला नेमका कुठे आहे? मॅपवर ‘सटर’ टाकलं की हॉस्पिटल येतं.

येणारच. किल्ल्यासमोर, एल स्ट्रीटच्या पलीकडे, सटर नावाचं मोठं हॉस्पिटल आहे. शिवाय सॅन फ्रान्सिस्कोत सटर स्ट्रीट आहे, उत्तरेला सटर काउंटी आहे, सटर ब्यूट्स नावाचे डोंगर आहेत. त्यामुळे मॅपवर ‘सटर्स फोर्ट स्टेट हिस्टॉरिक पार्क’ असं पूर्ण नाव टाका, किंवा पत्ताच टाका: २७०१ एल स्ट्रीट, सॅक्रामेंटो. सॅक्रामेंटोच्या मिडटाउन भागात, के आणि एल स्ट्रीटच्या मधल्या हिरवळीवर पांढऱ्या भिंतींचा हा किल्ला आहे. चारी बाजूंना दवाखाने, घरं, कॉफीची दुकानं. गावाबाहेर टेकडीवर काहीतरी दिसेल या अपेक्षेने निघालात तर समोरून जाल आणि कळणारही नाही.

आणखी एक घोळ: ‘सटर्स मिल’ ही वेगळी जागा, आणि ती इथून तासाभराच्या अंतरावर आहे. सोनं सापडलं ते तिथे (प्रश्न १० पाहा).

२. बे एरियातून कसं यायचं? गाडी कुठे लावायची?

सॅन फ्रान्सिस्कोहून साधारण नव्वद मैल. रस्ता मोकळा असेल तर दीड तास, शुक्रवारी दुपारनंतर निघालात तर देवाचं नाव घ्या. कॅपिटल कॉरिडॉर रेल्वेनेही येता येतं. ओकलंड, बर्कली, सॅन होजे या बाजूने ती थेट सॅक्रामेंटो स्टेशनवर आणते आणि तिथून किल्ला दोनेक मैलांवर आहे. मुलांना आगगाडीचं अप्रूप असेल तर हाच पर्याय घ्या, किल्ल्यापेक्षा रेल्वेच जास्त लक्षात राहते असा अनुभव आहे.

किल्ल्याला स्वतःचं असं मोठं पार्किंग नाही. आजूबाजूच्या रस्त्यांवर मीटर आहेत. पाटी नीट वाचा, कारण एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना वेगवेगळे नियम असतात, आणि हॉस्पिटल समोरच असल्यामुळे कामाच्या दिवशी जागा लवकर भरते. शनिवार-रविवारी सकाळी आलात तर बरं.

३. उघडा कधी असतो, तिकीट किती, आणि किती वेळ लागतो?

वेळ साधारण सकाळी १० ते संध्याकाळी ५. थँक्सगिव्हिंग, नाताळ आणि १ जानेवारीला बंद. तिकीट काही डॉलरांचं असतं, लहान मुलांना कमी, आणि प्रात्यक्षिकांच्या खास दिवशी थोडं जास्त. दर आणि वेळा बदलत राहतात, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी कॅलिफोर्निया स्टेट पार्क्सच्या पानावर एकदा बघून घ्या.

नुसतं फिरून यायला पाऊण तास पुरतो. पाट्या वाचत, मुलांच्या प्रश्नांना उत्तरं देत गेलात तर दीड तास. त्याहून जास्त वेळ फक्त या एका जागेसाठी धरू नका, शेजारचं म्युझियम त्यात जोडा (प्रश्न १२).

४. हा सटर होता तरी कोण?

योहान आउगुस्ट सुटर. जन्म १८०३, जर्मनीतल्या बाडेन संस्थानातल्या कांडर्न गावी, घराणं स्विस. धंदा बुडाला, देणेकरी दारात उभे राहिले, तेव्हा १८३४ साली बायको आणि पाच मुलांना मागे ठेवून हा गृहस्थ अमेरिकेला निघून आला. पुढची पाच वर्षं मिसूरी, सांता फे, ओरेगन, हवाई आणि अलास्कातलं रशियन ठाणं सिट्का असा फिरत फिरत तो १८३९ मध्ये कॅलिफोर्नियात उतरला. वाटेत कुठेतरी तो ‘कॅप्टन’ सटर झाला होता, आणि स्विस गार्डातल्या नोकरीच्या कथाही सांगत होता. त्या खऱ्या नव्हत्या. पण बोलणं गोड, वागणं रुबाबदार आणि शिफारसपत्रांचा गठ्ठा खिशात, त्यामुळे सगळीकडे उधारी मिळत गेली.

कॅलिफोर्निया तेव्हा मेक्सिकोचा प्रांत होता. १८४० मध्ये सटर मेक्सिकोचा नागरिक झाला आणि १८४१ मध्ये गव्हर्नर हुआन बाउतिस्ता आल्वारादो यांनी त्याला सुमारे ४८,००० एकर जमीन दिली. सटरने तिचं नाव ठेवलं न्यू हेल्व्हेशिया, म्हणजे नवं स्वित्झर्लंड. गव्हर्नरचा हिशेब सरळ होता: आतल्या प्रदेशात आपलं कुणी नाही, हा माणूस तिथे बसला तर तेवढीच आपली हद्द राखली जाईल. ती जमीन मोकळी होती का, हा प्रश्न ना देणाऱ्याने विचारला ना घेणाऱ्याने. तिथे निसेनान आणि मिवोक या मूळ रहिवाशांची गावं होती.

५. हा खरोखरचा जुना किल्ला आहे का, की नवा बांधलाय?

दोन्ही. अंगणाच्या मधोमध जी उंच इमारत आहे, ती मूळची, १८४० च्या दशकाच्या सुरुवातीची. तट, बुरूज आणि तटाला लागून असलेल्या खोल्या पुन्हा बांधलेल्या आहेत.

सोन्यानंतर किल्ल्याकडे कुणी बघितलं नाही. माती आणि पेंढ्याच्या, उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांचं बांधकाम. वरचं छप्पर गेलं की दोन-चार पावसाळ्यांत भिंत विरघळते, हे आपल्याकडे ज्याने पडका वाडा बघितला आहे त्याला वेगळं सांगायला नको. त्यात लोकांनी लाकूड आणि विटा उचलून नेल्या. १८५० च्या दशकात मधली इमारत तेवढी उरली. १८८० च्या दशकाच्या शेवटी तर शहरातला रस्ता या जागेवरून काढायचं घाटत होतं. तेव्हा ‘नेटिव्ह सन्स ऑफ द गोल्डन वेस्ट’ या संघटनेने वर्गणी काढून जागा विकत घेतली, १८९१ मध्ये ती राज्याला दिली, आणि १८९३ पर्यंत जीर्णोद्धार पुरा केला.

इथे जरा थांबा, कारण पुढच्या बऱ्याच उत्तरांची किल्ली इथे आहे. ही संघटना कॅलिफोर्नियात जन्मलेल्या, मुख्यतः गोऱ्या वसाहतवाल्यांच्या मुला-नातवांची होती. त्यांना आपल्या बाप-आज्यांचं स्मारक हवं होतं आणि त्यांनी ते बांधलं. म्हणजे आज तुम्ही बघता तो १८४० चा किल्ला १८९० च्या माणसांना जसा आठवायचा होता तसा आहे. त्यात लोहाराची खोली आहे, सटरची कचेरी आहे. गहू कापणारे शेकडो मजूर रात्री कुठे झोपत, ते दाखवणं त्यांना महत्त्वाचं वाटलं नाही. त्याबद्दल प्रश्न १२.

६. आम्ही राजगड, रायगड, सिंधुदुर्ग बघितलेत. आई-बाबांना इथे आणून काय दाखवणार?

खरं सांगायचं तर, ‘किल्ला दाखवायला नेतो’ म्हणून आणू नका. बाबा गाडीतून उतरतील, पंधरा-अठरा फुटांचा तट बघतील आणि ‘एवढाच?’ म्हणतील. त्यांचं चूक नाही. इथे चढण नाही, कडा नाही, पाण्याची टाकी नाही, आणि वेढा पडल्याची एकही मोठी गोष्ट नाही.

हे मुळात व्यापारी-जमीनदाराचं ठाणं. जाड भिंतींच्या आत कारखाने, कोठारं, दुकान, भट्ट्या आणि मालकाची कचेरी. बाहेर मैलोन्‌मैल गहू आणि गुरं. तोफा होत्या, पण त्या लढण्यापेक्षा धाक दाखवायला. असं सांगून आणलंत तर आई-बाबांना मजा येते, विशेषतः ज्यांनी शेती किंवा कारखाना जवळून बघितलाय त्यांना. जात्याजवळ, भट्टीजवळ, ऐरणीजवळ ते मुलांपेक्षा जास्त रमतात आणि ‘आमच्याकडे हे असं असायचं’ सुरू होतं. तेवढ्यासाठी आणावं.

७. आत गेल्यावर बघायची सुरुवात कुठून करायची?

आधी मधली इमारत. जुनी तीच आहे (प्रश्न ५), आणि बाकीचं सगळं तिच्याभोवती फिरतं. भिंतीची जाडी दाराच्या चौकटीत नीट दिसते. मूळ तट सुमारे अडीच फूट जाड होता. सॅक्रामेंटोच्या उन्हात बाहेरून आत पाऊल टाकलं की या जाडीचा अर्थ पाट्या न वाचताच कळतो.

मग भिंतीच्या कडेकडेने एक फेरी मारा. लोहारकाम, सुतारकाम, लाकडी पिंपं बनवण्याची जागा, विणकाम, स्वयंपाकघर, भाकरी-पाव भाजायच्या घुमटाकार मातीच्या भट्ट्या. बहुतेक खोल्या दारातूनच बघायच्या आहेत. पिंपवाल्याच्या खोलीजवळ थोडं रेंगाळा. वाकवलेल्या फळ्या, त्यांना बांधून ठेवणाऱ्या कड्या, आणि खिळा एकही नाही. त्या काळात धान्य, चरबी, दारू, पाणी सगळं पिंपात भरून जायचं, त्यामुळे पिंपं करणाऱ्याशिवाय व्यापार नाही. गुरांची कातडी आणि चरबी ही इथली मोठी निर्यात होती. चरबी मेणबत्त्या-साबणाला, कातडी पूर्व किनाऱ्यावरच्या बुटांच्या कारखान्यांना.

बुरूज शेवटी. मुलं तिकडेच आधी पळतील, पळू द्या.

८. या तोफा रशियन आहेत म्हणतात. रशियन इथे कुठून आले?

समुद्रातून. रशियन-अमेरिकन कंपनीने १८१२ मध्ये सोनोमाच्या किनाऱ्यावर फोर्ट रॉस वसवला होता. समुद्री ऊदमांजराची कातडी मिळवायची आणि अलास्कातल्या ठाण्यांना धान्य पुरवायचं, हा उद्देश. ऊदमांजरं संपत आली, शेती नीट पिकेना, तेव्हा त्यांनी १८४१ मध्ये ठाणं विकायला काढलं. सटरने ते ३०,००० डॉलरना घेतलं, अर्थातच उधारीवर. हप्ते बरेचसे गव्हात द्यायचे होते. गुरं, अवजारं, लाकूड, तोफा असं जे जे हलवता येईल ते इकडे आणलं. हप्ते मात्र रखडत रखडतच गेले. फोर्ट रॉसही बघायचा विचार असेल तर प्रश्न १८ वाचा.

९. इथे लढाई झाली का? तेव्हा झेंडा कुणाचा होता?

झेंडा मेक्सिकोचा. किल्ल्यावर मोठी लढाई कधी झाली नाही. १८४६ च्या जूनमध्ये काही अमेरिकन वसाहतवाल्यांनी सोनोमात बंड केलं, अस्वलाचा झेंडा फडकवला आणि जनरल मारियानो वायेहो यांना पकडून इथे कोंडून ठेवलं. गंमत अशी की वायेहो स्वतः कॅलिफोर्निया अमेरिकेत जावा याच मताचे होते. ऑगस्टमध्ये सुटले तेव्हा हिवतापाने खंगले होते. किल्ला त्या काळात अमेरिकन लष्करी अधिकारी जॉन फ्रेमाँटच्या ताब्यात होता आणि सटर आपल्याच घरात नावापुरता मालक उरला होता. आज कॅलिफोर्नियाच्या झेंड्यावर जे अस्वल आहे ते याच बंडातलं.

१०. सोनं याच किल्ल्यात सापडलं ना?

नाही, पण बातमी आधी इथे आली. सटरला लाकूड हवं होतं म्हणून त्याने जेम्स मार्शल या सुताराला भागीदार करून कोलोमा इथे, अमेरिकन नदीच्या दक्षिण फाट्यावर, पाण्यावर चालणारी लाकडाची गिरणी बांधायला घेतली. २४ जानेवारी १८४८ ला मार्शलला गिरणीच्या पाटात पिवळे कण दिसले.

चार दिवसांनी तो भर पावसात किल्ल्यावर आला, सटरला म्हणाला दार लावून घे, आणि कापडाची पुरचुंडी उघडली. मग या दोघांनी जे केलं ते मुलांना जरूर सांगा, कारण तो चक्क शाळेतला प्रयोग आहे. कणांवर तीव्र आम्ल टाकलं, काही झालं नाही. तराजूच्या एका पारड्यात कण, दुसऱ्यात चांदीची नाणी घालून वजन समतोल केलं आणि तराजू पाण्यात बुडवला. सोन्याचं पारडं खाली गेलं. ज्ञानकोश काढून सोन्यावरचा लेख वाचला. खात्री पटली.

गुपित काही टिकलं नाही. आणखी गंमत बघा: मेक्सिकोने कॅलिफोर्निया अमेरिकेला देण्याच्या ग्वादालुपे इदाल्गो करारावर सह्या झाल्या २ फेब्रुवारी १८४८ ला, म्हणजे सोनं सापडल्यावर नऊ दिवसांनी. सह्या करणाऱ्यांपैकी कुणालाही सोन्याचा पत्ता नव्हता.

कोलोमाला आता मार्शल गोल्ड डिस्कव्हरी स्टेट हिस्टॉरिक पार्क आहे, गिरणीची प्रतिकृती आहे, नदी आहे. सॅक्रामेंटोपासून गाडीने तासाभराचा रस्ता. सोनं चाळायची हौस मुलांना तिथे भागवता येईल.

११. डॉनर पार्टीची गोष्ट मुलांना सांगावी का? त्या बाहुलीचं काय?

वयाप्रमाणे सांगा. थोडक्यात: १८४६ मध्ये बैलगाड्यांतून कॅलिफोर्नियाला निघालेल्या कुटुंबांच्या एका तांड्याने ‘जवळचा’ म्हणून सांगितलेला रस्ता धरला. तो लांबचा निघाला. सिएरा नेवाडा चढायला उशीर झाला, बर्फ पडलं, आणि हिवाळाभर ते तिथे अडकले. ८७ पैकी सुमारे ४८ वाचले. काहींनी मेलेल्यांचं मांस खाल्लं. सुटकेची पथकं या किल्ल्याच्या आधाराने गेली आणि वाचलेले इथेच आणले गेले.

लहान मुलांसाठी बाहुली पुरेशी आहे. आठ वर्षांच्या पॅटी रीडची, चारेक इंचांची लाकडी बाहुली. वाटेत ओझं कमी करायला सामान टाकून द्यावं लागलं तेव्हा पॅटीने ती कपड्यात लपवून ठेवली, आणि सुटका होईपर्यंत कुणाला कळू दिलं नाही. ही बाहुली या किल्ल्याच्या संग्रहात आहे. ती त्या दिवशी मांडलेली आहे का हे आत शिरतानाच विचारून घ्या, नाहीतर मुलं सगळ्या खोल्या तिच्यासाठीच पालथ्या घालतात.

मोठ्या मुलांना लुईस आणि साल्व्हादोर यांची नावंही सांगा. हे दोघे मिवोक. सटरने त्यांना धान्य घेऊन अडकलेल्यांच्या मदतीला पाठवलं होतं. मदत पोहोचवली, आणि तेही त्यांच्याबरोबर बर्फात अडकले. पुढे उपाशी निघालेल्या टोळीतल्या एकाने त्या दोघांना मांसासाठी गोळ्या घालून मारलं. बाकीच्यांनी मेलेल्यांना खाल्लं होतं. खाण्यासाठी ठार केलेले हे दोघेच, आणि तेही मदतीला आलेले.

१२. इथल्या मूळ रहिवाशांना सटरने कसं वागवलं? मुलीने विचारलं आणि आम्हाला उत्तर देता आलं नाही.

वाईट वागवलं, आणि हे लपवायचं कारण नाही. किल्ला बांधला, गहू पेरला-कापला, गुरं राखली, कातडी सोलली ती मुख्यतः निसेनान आणि मिवोक मजुरांनी. काही जण मोबदल्यासाठी आले, काहींना त्यांच्या मुखियांमार्फत आणलं, आणि काहींना बळाने. मोबदला म्हणजे गळ्यात अडकवायची पत्र्याची चकती. कामाच्या दिवसांप्रमाणे तिला भोकं पाडायची आणि त्या हिशेबाने माल घ्यायचा तो सटरच्याच दुकानातून. त्या काळी इथे राहून गेलेल्या गोऱ्या लोकांनीच लिहून ठेवलंय की मजुरांना जेवण लांबलचक लाकडी गव्हाणीत ओतलं जायचं आणि ते हातांनी खायचे. रात्री खोलीत कोंडून घातल्याच्याही नोंदी आहेत. लहान मुलं इतर जमीनदारांकडे घरकामाला पाठवली गेली, कधी भेट म्हणून, कधी देणं फेडायला.

हे लोक विरोध का करू शकले नाहीत, असा पुढचा प्रश्न येतो. विरोध झालाही. पण सटर येण्याच्या सहा वर्षं आधी, १८३३ मध्ये, बीव्हरची कातडी शोधत आलेल्या शिकाऱ्यांबरोबर आलेल्या हिवतापाच्या साथीने या खोऱ्यातली गावंच्या गावं ओस पाडली होती. जे उरले त्यांच्यासमोर हा तोफा घेऊन उभा राहिला.

किल्ल्यातल्या जुन्या मांडणीत यातलं फार थोडं होतं. अलीकडे राज्याने अशा जागांचा इतिहास नव्याने सांगायचं काम हाती घेतलंय, त्यामुळे पाट्या बदलत आहेत. तरी माझं मत असं की हा किल्ला एकटा बघू नये. त्याच आवारात, के स्ट्रीटच्या बाजूला, स्टेट इंडियन म्युझियम आहे. प्रवेशद्वार वेगळं, तिकीट वेगळं, वेळाही वेगळ्या असू शकतात. लहानसंच आहे, पण तिथल्या टोपल्या बघा. काही इतक्या घट्ट विणीच्या आहेत की त्यात पाणी भरून, तापवलेले दगड टाकून अन्न शिजवायचे. पुष्कळ जण किल्ला बघून थकतात आणि म्युझियम सोडून देतात. वेळ कमी असेल तर मी उलट करेन, आधी म्युझियम आणि मग किल्ला.

१३. इथे सटरचा पुतळा होता ना? दिसला नाही.

तो किल्ल्यात नव्हता, समोर हॉस्पिटलच्या बाहेर होता. जून २०२० मध्ये, देशभर पुतळ्यांवरून निदर्शनं चालू असताना, हॉस्पिटलने तो काढला. कारण प्रश्न १२ मध्ये आलंच आहे. किल्ल्याचं आणि हॉस्पिटलचं नाव तसंच आहे.

१४. सोनं याच्याच गिरणीत सापडलं, मग सटर श्रीमंत झाला असेल?

बुडाला. गिरणीतले, शेतातले, कारखान्यातले लोक काम टाकून सोन्यामागे गेले. गहू शेतातच राहिला. बाहेरून आलेल्यांनी त्याच्या जमिनीवर तंबू ठोकले आणि गुरं मारून खाल्ली. सप्टेंबर १८४८ मध्ये स्वित्झर्लंडहून त्याचा थोरला मुलगा आला. बापाच्या कर्जाचे आकडे बघून त्याने सॅम ब्रॅनन या व्यापाऱ्याच्या सल्ल्याने नदीकाठी भूखंड पाडून विकायला सुरुवात केली. ते आजचं सॅक्रामेंटो. बापाला मात्र शहर दक्षिणेला, पुरापासून लांब, आपल्या ‘सटरव्हिल’मध्ये हवं होतं. तो ऐन त्या वेळी बाहेरगावी होता आणि परत येऊन मुलावर चांगलाच भडकला. पुराबाबत म्हातारा बरोबर होता: १८५० मध्ये आणि पुन्हा १८६१-६२ च्या हिवाळ्यात नवं शहर पाण्याखाली गेलं. किल्ला उंचवट्यावर आहे.

पुढे जमिनीच्या एका सनदेवरचा हक्क न्यायालयाने नाकारला, १८६५ मध्ये फेदर नदीवरचं घर जळालं, आणि उरलेलं आयुष्य वॉशिंग्टनमध्ये भरपाईचे अर्ज करण्यात गेलं. १८८० मध्ये तिथेच वारला, भरपाई न मिळता.

१५. मुलाचा चौथीचा प्रकल्प आहे. किल्ल्यावर काय लिहावं?

कॅलिफोर्नियात चौथीला राज्याचा इतिहास असतो, म्हणून हा प्रश्न दरवर्षी येतो. आइस्क्रीमच्या काड्यांचा किल्ला करायचाच असेल तर करा, पण सोबत मुलाला एकच वस्तू निवडायला सांगा: चकती, पिंप, बाहुली, गव्हाची कणसं, काहीही. ती कुणी बनवली, कुणी वापरली, कुणाला फायदा झाला, एवढं लिहिलं तरी दोन पानं भरतात, आणि इंटरनेटवरून उतरवलेलं वाटत नाही. सटर चांगला की वाईट असा निकाल नऊ वर्षांच्या मुलाकडून मागू नका. बऱ्याच शाळा इथे सहल आणतात. वर्गाने ऐतिहासिक पोशाखात रात्रभर मुक्काम करायची प्रथाही वर्षानुवर्षं चालत आली होती. तुमच्या शाळेचं काय आहे ते शिक्षकांना विचारा.

१६. तोफ उडवतात म्हणे. लहान बाळाला नेलं तर चालेल?

ठरावीक दिवशी स्वयंसेवक जुन्या पोशाखात येतात, लोहारकाम, विणकाम, स्वयंपाक करून दाखवतात, आणि बंदूक किंवा तोफही उडवतात. गोळा नसतो, फक्त दारू. पण चारी बाजूंना भिंती असल्यामुळे आवाज घुमतो. आधी सूचना देतात. ती मिळाली की बाळाला घेऊन बाहेरच्या हिरवळीवर या. मोठ्या मुलांना मात्र अशाच दिवशी आणा. रिकाम्या दिवशी किल्ला अगदी शांत असतो, मोठ्यांना तो आवडतो, मुलं अर्ध्या तासात कंटाळतात.

१७. आमच्याकडे नॅशनल पार्कचा वार्षिक पास आहे. चौथीच्या मुलाला मिळणारा फुकट पासही आहे. इथे चालेल?

दोन्ही चालत नाहीत. ते पास केंद्र सरकारच्या जागांचे. हे राज्याचं पार्क आहे, १९४७ पासून स्टेट पार्क्सकडे. गोंधळ होतो तो दारावरच्या ‘नॅशनल हिस्टॉरिक लँडमार्क’ या शब्दांमुळे. तो १९६१ मध्ये मिळालेला दर्जा आहे, मालकी नव्हे.

१८. फोर्ट रॉस आणि सटर्स फोर्ट, दोन्हींपैकी एकच जमणार असेल तर?

फिरायला म्हणून जात असाल तर फोर्ट रॉस. कड्यावर उभा, खाली पॅसिफिक, धुकं, लाकडी तट. आई-बाबांना ‘किल्ला’ दाखवायचाच असेल तर तोच दाखवा. मात्र तिथेही शेवटचे रशियन व्यवस्थापक रोचेव्ह यांचं घर तेवढं मूळचं आहे, बाकी पुन्हा बांधलेलं. शेवटचा रस्ता वळणावळणाचा आहे, गाडी लागणाऱ्यांनी गोळी घेऊन बसावं.

कॅलिफोर्निया कसा घडला हे समजून घ्यायचं असेल, किंवा चौथीचा प्रकल्प असेल, तर सटर्स फोर्ट. आणि दोन्ही बघणार असाल तर आधी रॉस, म्हणजे प्रश्न ८ मधला व्यवहार डोळ्यांसमोर उभा राहतो.

१९. आजोबांना जिना चढवत नाही. आणि जुलैत येणार आहेत.

अंगण सपाट आहे, खाली बरंच काही व्हीलचेअरवरून बघता येतं. मधल्या इमारतीच्या वरच्या भागात जायला जिनाच आहे, तेवढं सोडावं लागेल. वाटेत काही ठिकाणी जमीन ओबडधोबड आहे, म्हणून चपलेऐवजी बूट.

जुलै-ऑगस्टमध्ये सॅक्रामेंटोचा पारा चाळिशीला टेकतो. ऊन विदर्भासारखं, कोरडं. दार उघडताच आत शिरा आणि बारापर्यंत बाहेर पडा. संध्याकाळी खाडीकडून गार वारा सुटतो, पण तोवर किल्ला बंद झालेला असतो.

२०. डबा नेला तर कुठे खायचा?

किल्ल्याच्या आत नको. बाहेर आवारात झाडं आणि हिरवळ आहे, तिथे चटई टाकून बसता येतं. तळ्यातली बदकं आणि हंस थेपल्याच्या वासाने जवळ येतील. त्यांना काही घालू नका, एकाला दिलं की सगळे येतात. मिडटाउनमध्ये पायी अंतरावर खायच्या जागा भरपूर आहेत.

२१. कुत्रा, ड्रोन, ट्रायपॉड?

कुत्रा आत चालत नाही, सेवा-श्वान असेल तर चालतो. ड्रोन परवानगीशिवाय उडवू नका. घरगुती फोटोंना कुणी अडवत नाही. प्री-वेडिंगसारखं सजूनधजून, माणसं आणि दिवे घेऊन शूटिंग करायचं असेल तर आधी परवाना काढावा लागतो, आणि प्रश्न १२ वाचून झाल्यावरही इथेच करायचं आहे का, ते घरी ठरवा.